जुन्या फायलींचे रूपांतर : अस्सल राखून नक्कल कशी करावी

इंदापूर तालुक्यातील एका सहकारी संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची तबकडी गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती आली, तेव्हा तिच्यावर निळ्या शाईने 'फायनल – उघडू नये' अशी अक्षरे लिहिलेली होती, आणि ज्या छापखान्यात ती स्मरणिका जुळवली गेली तो छापखाना केव्हाच बंद होऊन त्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान थाटले गेले होते. संस्थेला आता सुवर्णमहोत्सवाचे वेध लागलेले. जुना इतिहास नव्या ग्रंथात जसाच्या तसा घ्यावा अशी सर्वांची इच्छा. आणि सचिवांचा समज असा की तबकडी आहे म्हणजे मजकूर आहेच. "सर, नुसती पीडीएफ करून द्यायची आहे, दहा मिनिटांचं काम," असे म्हणून ते चहा घेऊन परतीची गाडी पकडायला गेले. त्या दहा मिनिटांचे पुढे तीन आठवडे झाले, आणि त्या तीन आठवड्यांत जे पदरी पडले तेच येथे वाचकांपुढे मांडण्याचा विचार आहे. कारण बारामती-इंदापूर पट्ट्यात अशी संस्था, अशी पतपेढी, अशी शाळा विरळा, जिच्या कपाटात एखादी न उघडणारी फाइल पडलेली नाही.

आरंभ दप्तराच्या जुन्या शिरस्त्यापासून करावा. भूमी अभिलेखाच्या कचेरीत आपण अर्ज देतो तेव्हा आपल्या हाती येते ती नक्कल. अस्सल कागद जागचा हलत नाही. संगणकाच्या फायलीलाही हाच नियम लावावा. तबकडी, पेनड्राइव्ह किंवा जुना संगणक जे काही हाती येईल त्यातील सर्व माल, केवळ हवी ती फाइल नव्हे तर शेजारचे सर्व फोल्डर धरून, प्रथम आपल्या यंत्रावर उतरवून घ्यावा, त्या फोल्डरला 'अस्सल' असे नाव देऊन तो केवळ वाचण्यापुरता खुला ठेवावा, आणि पुढचे सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. शेजारचे फोल्डर घ्या असे म्हणण्याला कारण आहे. जुन्या छापखान्यांतील जाणती मंडळी मजकुराबरोबर त्यासाठी वापरलेले फॉन्टही तबकडीवर टाकून ठेवीत, आणि तोच फोल्डर 'हे काय फालतू' म्हणून वगळला गेला, तर पुढची अर्धी लढाई तेथेच हरली असे समजावे.

माझ्याकडे येण्यापूर्वी त्या फायलीवर एक उपचार होऊन गेला होता. सचिवांच्या भाच्याने तिच्या नावाअखेरचे '.पी६५' खोडून तेथे '.पीडीएफ' असे लिहिले होते, आणि तरीही ती उघडत नाही याचे त्याला प्रामाणिक आश्चर्य वाटत होते. टिंबापुढची ही अक्षरे म्हणजे पोत्यावर लावलेली चिठ्ठी होय. चिठ्ठीवर 'गहू' लिहिल्याने आतल्या ज्वारीचा गहू होत नाही. आत खरोखर काय आहे हे पाहण्याचा साधा मार्ग असा की, त्या फायलीची नक्कल नोटपॅडमध्ये उघडावी, पुढच्या अगम्य चिन्हांच्या राशीकडे दुर्लक्ष करून पहिली चार-सहा अक्षरे तेवढी वाचावीत, आणि काहीही जतन न करता ती बंद करावी. पीडीएफ असेल तर आरंभी टक्केवारीचे चिन्ह आणि 'पीडीएफ' ही रोमन अक्षरे दिसतात. 'पीके' दिसले तर ती झिप पद्धतीने बांधलेली गाठोडी आहे. झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरे असून नव्या वर्डच्या फायलीही आतून झिपच असतात. कोरलड्रॉची जुनी लग्नपत्रिका 'आरआयएफएफ' या अक्षरांनी सुरू होते, जुन्या मोबाइलमधील ध्वनिमुद्रण 'एएमआर' असे आपले नाव सांगते, आणि ऑटोकॅडचा नकाशा तर आपले सालही सांगतो : 'एसी१०१५' म्हणजे २००० ची आवृत्ती, 'एसी१०१८' म्हणजे २००४ ची. चिठ्ठी हरवलेल्या फायलीची एवढी ओळख पटली की निम्मा गोंधळ मिटतो.

येथे थोडे विषयांतर होईल, पण बारामतीत बसून लिहिणाऱ्याला ते टाळता येत नाही. अठराव्या शतकात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने याच गावी राहिलेल्या मोरोपंतांनी एकच रामकथा एकशेआठ रामायणांत बांधली असे म्हणतात, आणि त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त तर ओठांना ओठ लावून उच्चारावे लागणारे वर्णच येऊ दिले नाहीत. कथा तीच, बांधणी निराळी. रूपांतर म्हणतात ते हेच. फरक इतकाच की पंतांना आपण काय गाळतो आहोत हे पुरते ठाऊक होते, आणि संकेतस्थळावरच्या परिवर्तकाला ते ठाऊक नसते. म्हणून कोणतेही रूपांतर करण्यापूर्वी, आपल्याला या फायलीतून नेमके काय वाचवायचे आहे, हे स्वतःशी ठरवावे. पानाचे रूप जसेच्या तसे हवे आहे, की मजकूर पुन्हा वापरता येईल असा हवा आहे? पहिल्यासाठी पीडीएफ पुरते. दुसऱ्यासाठी, विशेषतः मजकूर मराठी असेल तर, खरी कसोटी पुढेच असते.

'.पी६५' ही पेजमेकर ६.५ ची खूण. ऑल्डस कंपनीने १९८५ साली काढलेला हा पेजमेकर पुढे १९९४ मध्ये अडोबीकडे गेला, २००१ मध्ये त्याची सातवी आणि शेवटची मोठी आवृत्ती निघाली, आणि नंतर कंपनीने त्याचा वारसा इनडिझाइनकडे सोपवला. परंतु आपल्याकडच्या छापखान्यांनी त्याला इतक्या लवकर निरोप दिला नाही, आणि तालुक्याच्या गावची साप्ताहिके, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रके पुढेही बरीच वर्षे त्याच्यावरच जुळवली गेली. अशी फाइल उघडण्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. लिब्रेऑफिस हा विनामूल्य कार्यालयीन संच उतरवून घ्यावा. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून त्याचा ड्रॉ हा विभाग पेजमेकरच्या फायली वाचतो, आणि कोरलड्रॉच्या फायली तर त्याच्याही आधीपासून वाचतो. इनडिझाइनची सीएस६ ही आवृत्ती एखाद्या जुन्या छापखान्यात शिल्लक असेल, तर पानांची मांडणी तिच्यात अधिक चांगली टिकते. मी लिब्रेऑफिसने काम केले. चौकटी थोड्या सरकल्या, एका पानावर अध्यक्षांचे छायाचित्र कार्यकारिणीच्या यादीवर जाऊन बसले, तरी पाने उघडली.

आणि पाने उघडल्यावर जे दिसले ते पाहून सचिव म्हणाले, "ही तर इंग्रजी आहे!"

ती इंग्रजी नव्हती. ते कृतिदेव होते. ज्या काळी संगणकाला देवनागरीचे वेगळे स्थान ठाऊक नव्हते, त्या काळी फॉन्ट करणाऱ्यांनी एक युक्ती केली : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवली. कळ रोमन, साठवण रोमन, केवळ दर्शन मराठी. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो आणि 'इंदापूर' हा शब्द 'बी, ए, एन, के, आय, डब्ल्यू, जे' अशा सात रोमन अक्षरांच्या रूपाने समोर येतो, ज्यांतील पहिली चार वाचून संस्थेच्या लेखनिकाला तो एखाद्या बँकेचा उल्लेख वाटला, यात त्याचा काय दोष? अशा वेळी कितीही नामांकित संकेतस्थळावर फाइल चढवून तिची वर्ड किंवा पीडीएफ केली, तरी हाती येते ती याच बाराखडीची सुबक प्रत. कारण स्वरूप बदलले तरी आतली लिपी बदललेली नसते. मराठी फायलींच्या बाबतीत नव्वद टक्के तक्रारी फॉरमॅटच्या नावाने येतात आणि मूळ मात्र फॉन्टात असते, असे मी अनुभवाने म्हणेन. हा नव्वदचा आकडा माझ्या टेबलापुरता समजावा.

युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःची जागा दिली होती, पण ती आपल्या छापखान्यांपर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. तोवरच्या सर्व मजकुरासाठी दुसरे रूपांतर, म्हणजे जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये, करावे लागते. त्यासाठी मजकुरावर कर्सर ठेवून फॉन्टाचे नेमके नाव आधी टिपून घ्यावे. 'श्रीलिपीत आहे' एवढे पुरत नाही, कारण श्रीलिपीच्या निरनिराळ्या मालिकांतील अक्षरांची जागा सारखी नसते, आणि एका मालिकेचा परिवर्तक दुसरीला लावला की मजकुराचा काला होतो. आमच्या स्मरणिकेत मथळे श्रीलिपीत आणि मजकूर कृतिदेवात होता, म्हणून दोन्ही वेगळे उचलावे लागले. मध्येच खऱ्या इंग्रजीत असलेले शब्द, उदाहरणार्थ यंत्रांची नावे, आधी बाजूला काढून ठेवावेत. नाही तर परिवर्तक त्यांनाही निष्ठेने देवनागरीत ढकलतो.

चुका कोठे होतात हे एकाच शब्दावर दाखवतो. इंदापूर तालुक्यात बिजवडी येथे कर्मयोगी शंकररावजी पाटील यांच्या नावाचा साखर कारखाना आहे, तेव्हा 'कर्मयोगी' हा शब्द इकडच्या कागदांत पदोपदी येतो. कृतिदेवात तो क, म, मग रफार, मग यो आणि गी या क्रमाने साठवलेला असतो, कारण टंकलेखन यंत्रावर रफार अक्षर उमटल्यानंतर त्याच्या डोक्यावर मारावा लागे. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम पाळला जातो : क, मग अर्धा र, मग म. परिवर्तकाने रफार एक घर मागे न्यायला हवा. कच्चा परिवर्तक तो नेत नाही आणि कागदावर 'कमर्योगी' असा एक नवाच साधुपुरुष अवतरतो. ऱ्हस्व वेलांटीचे दुखणे याच्या उलट : ती अक्षराआधी मारली जाई, म्हणून 'निमगाव' या शब्दाची वेलांटी न च्या आधी लोंबकळत राहते आणि तिच्याखाली ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ दिसते. तिसरे दुखणे निखळ मराठी आहे. अनेक परिवर्तक हिंदी मजकुरासाठी केलेले असल्यामुळे 'शेतकऱ्यांना' यातील आडवा र त्यांना कळत नाही, आणि तो शब्द 'शेतकर्यांना' असा होऊन बसतो. म्हणून रूपांतर झाल्यावर सगळा मजकूर डोळ्यांखालून घालण्याआधी शोध-पेटीत हे तीन प्रकार शोधावेत; आणि त्यानंतर आकडे, म्हणजे गट क्रमांक, रकमा, तारखा, छापील प्रतीशी एका माणसाने वाचून आणि दुसऱ्याने पाहून ताडावेत. जुन्या पेढ्यांत रुजुवात करीत ती हीच, आणि तिला यंत्राचा पर्याय मला अजून आढळलेला नाही.

गंमत अशी की त्याही आधीच्या, डॉसच्या काळातील मराठी नोंदी पुष्कळदा अधिक निर्वेधपणे बाहेर येतात. पतसंस्था व दूधसंस्था यांच्या जुन्या संगणकांत '.डीबीएफ' या फायली सापडतात. त्या लिब्रेऑफिसचा कॅल्क सरळ तक्त्याच्या रूपात उघडतो. त्यांतील मराठी नावे पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने भरलेली असतील तर ती 'इस्की' या भारतीय प्रमाण-संकेतात असतात, जो १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच बेतलेला असून दोहोंत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. तेव्हा रफाराची आणि वेलांटीची ती कटकट तेथे मुळातच उद्भवत नाही. शोभिवंत फॉन्टांनी पुढे जी अराजकाची स्थिती आणली, तिच्यापेक्षा काळ्या पडद्यावरची ती ओबडधोबड अक्षरे अधिक शिस्तीची होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

आता ऑनलाइन परिवर्तकांकडे वळू, कारण बहुतेकांचा पहिला हात तिकडेच जातो. झामझारसारख्या सेवा २००६ पासून चालू आहेत, क्लाउडकन्व्हर्टसारख्या नंतर आल्या, आणि एखादे अपरिचित स्वरूप एकदाच उलगडायचे असेल तर त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. पहिली ही की, अशा अनेक संकेतस्थळांच्या पडद्याआड लिब्रेऑफिस, एफएफएमपेग, इमेजमॅजिक हीच मुक्त साधने राबत असतात, जी आपल्याला घरबसल्या फुकट मिळतात. तेव्हा महिन्याकाठी दहा फायली करावयाच्या असतील तर शंभर एमबीची फाइल मोबाइलच्या नेटवर परदेशी धाडून परत आणण्यापेक्षा साधन उतरवून घेणे स्वस्त पडते. दुसरी ही की, 'अपलोड' करणे याचा अर्थ आपले दप्तर अनोळखी माणसाच्या ओसरीवर नेऊन ठेवणे. तो काही तासांत ते पुसून टाकतो असे त्याच्या पाटीवर लिहिलेले असते, आणि प्रतिष्ठित सेवा तसे करीतही असतील. पण पाटी सगळ्यांच्याच दारावर असते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेच्या डेन्व्हर कार्यालयाने जाहीर इशारा दिला होता की, फुकट परिवर्तक म्हणवणारी काही संकेतस्थळे रूपांतरित फायलीबरोबर घातक प्रोग्राम पाठवतात आणि चढवलेल्या कागदांतून ओळख क्रमांक व बँकेचे तपशील वेचून घेतात.

तेव्हा माझा दंडक असा : जत्रेचे पत्रक, लग्नपत्रिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे छायाचित्र खुशाल चढवावे, सभासदांची यादी, पासबुक, आधार, वैद्यकीय कागद, कर्जाचे प्रकरण कदापि चढवू नये. सभासदांची माहिती संस्थेची मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदाही केलेला आहे. संकेतस्थळावर गेल्यावर जे सर्वांत मोठे हिरवे 'डाउनलोड' बटण चमकते ते बहुधा जाहिरातीचे असते. 'सूचना पाठवण्याची अनुमती द्या' किंवा 'हे एक्स्टेन्शन बसवा' अशी मागणी आली तर परत फिरावे, आणि मागितली पीडीएफ असता हाती '.ईएक्सई' आली तर ती उघडून पाहण्याची उत्सुकता आवरावी. फॉन्ट-परिवर्तकांसाठी एक छोटी परीक्षा सांगतो, जी मला फार उपयोगी पडली. पान पूर्ण उघडल्यावर इंटरनेट बंद करावे आणि मग मजकूर टाकून रूपांतराची कळ दाबावी. मजकूर बदलला, तर ते काम आपल्याच यंत्रावर होते आहे आणि त्या घटकेपुरता तरी आपला कागद घराबाहेर गेलेला नाही, असे समजावे. काम निपटल्यावर पान बंद करून मगच नेट पुन्हा जोडावे.

काही कागदांचे मात्र रूपांतरच करू नये. महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा हा त्यांतील अग्रगण्य. तलाठ्यांचा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सही-शिक्का नसतानाही तो ग्राह्य धरला जातो तो त्या पीडीएफच्या पोटात असलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीच्या आणि पडताळणीच्या बळावर. लोक ती पीडीएफ 'जरा लहान करतो' म्हणून परिवर्तकातून काढतात, किंवा तिचे चित्र करून पाठवतात. दिसायला अक्षर अन् अक्षर तेच राहते, परंतु फाइल पुन्हा लिहिली गेल्यामुळे स्वाक्षरी नाहीशी होते किंवा अवैध ठरते. माझ्या परिचयाच्या एका बागायतदारांचे कर्जप्रकरण अशाच एका लहान केलेल्या सातबाऱ्यापायी आठवडाभर खोळंबले, आणि दोष मात्र सर्वानुमते 'सर्व्हर'ला देण्यात आला. अशी फाइल आली तशी पाठवावी. कुलूपबंद ई-आधारची गतही वेगळी नाही : 'पासवर्ड काढून देतो' म्हणणाऱ्या संकेतस्थळावर फाइल आणि पासवर्ड दोन्ही नेऊन देणे म्हणजे तिजोरीबरोबर किल्लीही पोहोचवणे होय.

बाकीच्या प्रकारांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. आयफोनवर २०१७ पासून छायाचित्रे 'एचईआयसी' स्वरूपात साठतात आणि परीक्षांचे अर्ज ती नाकारतात. दर वेळी रूपांतर करीत बसण्यापेक्षा फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याखाली फॉरमॅट्स उघडून 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की पुढची छायाचित्रे जेपीजीच निघतात. लग्नाच्या जुन्या व्हीसीडीतील '.डॅट' आणि जुन्या फोनातील '.३जीपी' व्हीएलसीमध्ये चालतात, आणि त्याच व्हीएलसीतून एमपी४ करून घेता येतात. ठिबकच्या आराखड्याची किंवा घराच्या नकाशाची '.डीडब्ल्यूजी' आली, तर ऑटोडेस्कचे ट्रूव्ह्यू हे विनामूल्य साधन ती दाखवते आणि जुन्या-नव्या आवृत्तींत बदलूनही देते.

आमच्या स्मरणिकेचे शेवटी असे झाले की एकूण मजकूर युनिकोडमध्ये उतरला, त्याची एक साधी टेक्स्ट-प्रत आणि एक पीडीएफ अशा दोन प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या गेल्या, आणि सोबत एका पानावर मूळ फॉन्टांची नावे, वापरलेली साधने व तारीख यांचे टिपण ठेवण्यात आले. फक्त संस्थापक सभासदांचा तक्ता काही केल्या उघडला नाही. त्या जागी राखाडी चौकोन तेवढा दिसत राहिला. अखेर एका सभासदाच्या वाड्यात, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या कागदांत, स्मरणिकेची छापील प्रत मिळाली. तिच्यातली पाने वाळवी चुकवून शाबूत होती. संस्थेचा लेखनिक दोन दुपारी बसला, मी नावे वाचीत गेलो आणि तो टंकीत गेला, आणि चौदाव्या नावाशी आम्ही दोघे थांबलो, कारण छापील प्रतीतही ते चुकलेलेच होते.